पिकअपच्या पुढून येणारे चार आवाज, आणि न येणारा पाचवा

पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला टोमॅटोच्या सीझनला संध्याकाळी गेटबाहेर गाड्यांची लाइन लागते, दहा फूट पुढे घ्यायचं, ब्रेक मारायचा, परत दहा फूट, परत ब्रेक. त्या लाइनीत उभा असताना मला माझ्या पिकअपचा आवाज पहिल्यांदा नीट कळला. प्रत्येक ब्रेकला डावीकडे पायाखाली ‘धप्प’, जसं कुणी फ्लोअरखालून रबरी हातोडा मारतंय. त्याआधी मी महिनाभर सगळ्यांना एवढंच सांगत होतो की पुढून आवाज येतो. आणि तेवढं सांगितल्यावर जे व्हायचं तेच झालं, ज्याने त्याने आपल्या अंदाजाने एकेक पार्ट बदलला, सतरा-अठरा हजार रुपये गेले आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढले. शेवटी काय निघालं ते सगळं लिहून ठेवतोय, कारण पिकअपवर पोट असणारे आपल्याकडे भरपूर आहेत आणि यातल्या निम्म्या तपासण्या घरच्या अंगणात होण्यासारख्या आहेत.

आधी गाडी. सिंगल केबिन पिकअप, १,३८,००० किलोमीटर चाललेली. मागे पाटे, पुढे मात्र पाटे नाहीत, वरचा आर्म आणि खालचा आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे हात), आणि स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे चेसिसच्या बाजूने मागे गेलेली लांब दांडी जी पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करते. माझ्या गाडीत हा बार खालच्या आर्मला जोडलाय. हे ध्यानात ठेवा, पुढे एका ठिकाणी सगळं त्याच्यावर येऊन अडतं. भाडं म्हणजे २० किलोचे साठेक क्रेट घेऊन मळ्यातून मार्केट, आणि आठवड्यातून एखाद वेळेस कसाऱ्याचा घाट उतरून वाशी.

झालं कसं ते क्रमाने सांगतो. फेब्रुवारीत अलाइनमेंटवाल्याने सांगितलं की डाव्या लोअर आर्मचे, म्हणजे खालच्या आर्मचे, बुश (आर्म चेसिसला जोडतो तिथले रबरी सांधे) चिरलेत. तेव्हा काही आवाज नव्हता, पण मी जवळच्या गॅरेजला दोन्ही बुश टाकून घेतले. मेच्या सुमारास ‘धप्प’ सुरू झालं, आधी अधूनमधून, मग रोज. त्याच सुमाराला हायवेवर पन्नासच्या पुढे गेलं की घूंऽऽ असा आवाज यायला लागला. दुसऱ्या गॅरेजने ऐकलं आणि लगेच बेअरिंग सांगितलं, पुढची दोन्ही बदलली, घूं तसाच. उलट त्या कामानंतर कच्च्या रस्त्यावर खडखड नवीन सुरू झाली. खडखड म्हटल्यावर तिसऱ्या ठिकाणी दोन्ही शॉकअप आणि स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी झुकू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा बार) लिंक बदलल्या. खडखड तशीच. आणि गतिरोधकावर हळू चढताना किर्रर्र करायचं त्याच्यावर तिथल्या पोराने सगळ्या रबरांवर जळकं ऑइल मारून दिलं, दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी परत चालू. या जळक्या ऑइलबद्दल इथंच सांगतो, रबराला ऑइल आणि डिझेल चालत नाही, रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर फाटतं. आवाज दोन दिवस बंद करायला बुशचं आयुष्य घालवायचं हे मला अजिबात पटत नाही, आणि तरी प्रत्येक गॅरेजात तो डबा ठेवलेला असतोच.

माझे मामा एसटीच्या डेपोत वर्कशॉपला होते, रिटायर होऊन चार वर्षं झाली. त्यांना आधीच विचारायला हवं होतं, पण त्यांच्या गुडघ्याचं दुखणं होतं म्हणून मी टाळत होतो. गणपतीत घरी आले तेव्हा त्यांना गाडीत घेऊन एक चक्कर मारली. मी म्हटलं, “मामा, बघा ना कुठून येतोय.” तर म्हणाले, “कुठून ते राहू दे. कधी येतो ते सांग आधी.” आणि मला सांगताच येईना. ब्रेक लावला की येतो म्हणालो, पण खड्ड्यात पण येतो, वळताना पण येतो, रिकामी असली की जास्त येतो, नाही भरलेली असली की जास्त येतो. मामा म्हणाले, “हे एका आवाजाचं वर्णन नाहीये रे. दोन दिवस चालव आणि लिहून आण.”

मग मी मार्केटच्या हिशोबपट्ट्यांच्या मागे लिहायला लागलो. आवाज कसा, स्पीड किती, ब्रेकवर पाय होता का, स्टेअरिंग सरळ का वळलेलं, गाडी भरलेली का रिकामी, रस्ता कसला, एक चाक आपटलं का दोन्ही, पाऊस होता का. गाडी थांबवून लिहायचो. दोन दिवसांत सात पट्ट्या भरल्या, रात्री पडवीत मांडून बघितल्या तर त्यांचे चार ढीग झाले.

धप्प: फक्त वेग बदलताना. पुढे जाताना पहिल्या ब्रेकला एकदा, मग रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की परत एकदा. भरलेल्या गाडीत जास्त. रस्ता कसाही असो.

खडखड: २०-२५ च्या स्पीडला, बारीक खडीच्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीत जास्त. मोठ्या खड्ड्यात नाही, हे विचित्र वाटलं.

घूं: ४५ च्या पुढे, स्पीडबरोबर वाढणारा.

किर्र: गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढताना. ज्या दिवशी पाऊस त्या दिवशी एकदाही नाही.

आता हे वाचताना सोपं वाटतं, पण माझ्या कानात महिनाभर या चौघांचा मिळून एकच आवाज होता. मामांनी पट्ट्या बघितल्या आणि विचारलं की यातला कुठला आवाज कुठल्या कामानंतर सुरू झाला ते पण बाजूला लिही. ते लिहिलं. धप्प बुशच्या कामानंतर तीन महिन्यांनी, खडखड बेअरिंगच्या कामानंतर लगेच. मामा त्या दोन ओळींकडे बराच वेळ बघत बसले.

सुरुवात खडखडीपासून केली, कारण तिची तपासणी फुकट आहे. मळ्यापासून डांबरीपर्यंत आमचा सातशे-आठशे मीटर खडीचा रस्ता आहे, तिथं रिकामी गाडी वीसच्या स्पीडला घेतली, खडखड जोरात चालू, आणि मामा म्हणाले ब्रेकवर पाय नुसता टेकव, स्पीड कमी होऊ देऊ नको. टेकवला आणि खडखड बंद. पाय उचलला, चालू. परत टेकवला, बंद. तीन वेळा केलं. मला विश्वास बसत नव्हता कारण याच खडखडीसाठी मी दोन शॉकअप आणि दोन लिंक घातल्या होत्या. गोष्ट अशी की पाय टेकवला की पॅड डिस्कला चिकटतात आणि घट्ट धरले जातात, सुटे असताना ते कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) चौकटीत नाचतात. ब्रेकने बंद होणारी खडखड शॉकअपची नसते. आणि मोठ्या खड्ड्यात का नाही तर तिथं एकच मोठा धक्का बसतो, बारीक खडीवर पॅडला सतत थरथर मिळते.

तरी मामांनी लिंकचा संशय नीट मिटवला, ते मला आवडलं. स्टॅबिलायझर बार दोन्ही चाकं सारखी वर गेली तर नुसता आपल्या रबरात फिरतो, लिंकवर विशेष जोर येत नाही. एकच चाक वर गेलं तर बार पिळला जातो आणि तेव्हा लिंक ओढली जाते. म्हणून एकदा गतिरोधक सरळ घेतला, एकदा तिरका, खडखडीत काही फरक नाही. मग दोन्ही लिंक सोडून, बांधून ठेवून, त्याच खडीवर हळू एक चक्कर मारली, खडखड होतीच. लिंक निर्दोष. सोडलेल्या लिंकने हायवेवर जायचं नाही, गाडी वळणावर जास्त झुकते.

डावं चाक काढलं. पॅड अंगठ्याने वरखाली हलत होते. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथं स्टीलच्या पातळ पत्त्या असतात, त्या पॅडला दाबून धरतात, माझ्या डाव्या बाजूला वर पण नाही आणि खाली पण नाही. खाचेत जिथं पॅड आपटत होता तिथं लोखंड आरशासारखं चमकत होतं. उजव्या बाजूला दोन्ही पत्त्या जागेवर. म्हणजे बेअरिंग बदलताना कॅलिपर खाली घेतला, पत्त्या पडल्या किंवा वाकल्या आणि तशीच जोडणी केली. शिवाय त्याच कॅलिपरची एक स्लाइड पिन कोरडी ठणठणीत, सहज सरकतच नव्हती. पिन काढून साफ केली, सिलिकॉनचं ग्रीस लावलं (साधं चाकाचं ग्रीस तिथं नको, पिनच्या रबराला खातं), पत्त्यांचा सेट दीडशे-दोनशे रुपयांत मिळाला. खडखड गेली. कायमची.

किर्रचं काम पंधरा मिनिटांत झालं. पावसात जातो म्हणजे कोरड्या रबराचा, आणि दोन्ही चाकं एकदम चढली की येतो म्हणजे बार जिथं चेसिसला रबरात धरलाय तिथला असणार, कारण तेव्हाच तो तिथं फिरतो. तरी अंदाजावर थांबलो नाही. पाण्याची स्प्रेची बाटली घेतली, भावाला पुढच्या बंपरवर दाबून गाडी खालीवर करायला लावली आणि एकेका रबरावर पाणी मारत गेलो. वरच्या आर्मच्या बुशवर मारलं, किर्र चालू. बारच्या उजव्या रबरावर मारलं, चालू. डाव्यावर मारलं, बंद. पाण्याने रबराला काही होत नाही आणि खूण अगदी नेमकी मिळते. ते रबर जळक्या ऑइलने चिकट लिबलिबीत झालं होतं, दोन्ही नवीन टाकली.

आता धप्प. यात आम्ही जास्त वेळ घालवला आणि घालवायलाच हवा होता.

पुढे ब्रेक मारला की एकदा, रिव्हर्समध्ये ब्रेक मारला की एकदा, मधे कितीही ब्रेक मारा, नाही. म्हणजे काहीतरी एका दिशेला सरकतं आणि दिशा उलटेपर्यंत तिथंच राहतं. सरकणारे संशयित तीन, पॅड, कॅलिपरची चौकट, नाहीतर खालच्या आर्मचे बुश. पॅडचा आवाज टणक ‘टिक’ असा असतो आणि पेडलवर पायाला कळतो. माझा बोजड होता, तो पेडलवर नाही, फ्लोअरवर टाचेला लागायचा. पॅडला नव्या पत्त्या बसल्यावरसुद्धा तो होताच. चौकटीचे बोल्ट पान्याने बघितले, घट्ट.

मग मामांनी सांगितलं, चाक बघायचंय, पण चालत्या गाडीजवळ कुणी वाकून बघणार नाही. मोबाइल मडगार्डच्या आतल्या बाजूला कापडाने गच्च बांधला, चाकाकडे तोंड करून, स्लो मोशन चालू केलं, आणि मी अंगणात चालण्याच्या वेगाने पुढे घेऊन ब्रेक, मागे घेऊन ब्रेक असं चार वेळा केलं. मग उजव्या बाजूला तसंच. खाटेवर बसून व्हिडिओ बघितला. उजवं चाक ब्रेकला जेमतेम हलतं. डावं चाक ब्रेक लागल्याक्षणी अख्खं मागे सरकतं, मडगार्डच्या कडेपासून बघितलं तर बोटाच्या रुंदीएवढं, आणि रिव्हर्सच्या ब्रेकला तेवढंच पुढे. माझ्या पोटात गोळा आला, कारण याच गाडीत मी तेराशे किलो माल भरून घाट उतरत होतो.

गाडी रॅम्पवर घेतली, हँडब्रेक, चाकांना दगड, आणि आर्म व चेसिसच्या मधे टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबली. मागच्या बुशचं रबर पूर्ण फाटून आतली नळी मोकळी झाली होती. सात महिन्यांपूर्वी टाकलेला नवा बुश. पहिली प्रतिक्रिया अशी की डुप्लिकेट माल घातला. मामा म्हणाले, थांब, पुढचा अजून शाबूत आहे, त्याला विचारू.

हे कसं केलं ते सविस्तर सांगतो कारण मी हे आधी कुठं बघितलं नव्हतं. असा बुश म्हणजे बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, मधे दोघांना चिकटवलेलं रबर. कडं आर्ममध्ये प्रेस केलेलं, नळी बोल्टने चेसिसच्या ब्रॅकेटला आवळलेली. आर्म वरखाली होतो तेव्हा काहीही घासून फिरत नाही, रबर पिळलं जातं आणि परत येतं. मग ते पिळणं कुठून मोजायचं, तर बोल्ट आवळताना आर्म ज्या स्थितीत होता तिथून. गाडी जॅकवर, चाक खाली लोंबकळतंय आणि तशात बोल्ट आवळला, तर रबराला ती लोंबकळणारी स्थिती आपली वाटते. गाडी खाली ठेवली की उभ्या जागी ते भरपूर पिळलेलं असतं, आणि वरून माल भरला, खड्डा आला, की आणखी पिळतं, त्याच एका दिशेला, दिवसरात्र. असं रबर काही महिन्यांत फाटतं, मग कितीही ओरिजिनल असो.

मामांनी गाडी चारही चाकांवर उभी असतानाच पुढच्या बुशच्या नळीवर आणि ब्रॅकेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली आणि मला नट ढिला करायला सांगितला. नट सैल झाला, बोल्टला हलका ठोका दिला आणि नळी कट्कन फिरली. रेघेचे दोन तुकडे झाले, मधे चांगलं अंतर. बुश नीट स्थितीत आवळलेला असता तर रेघ जागेवर राहिली असती. म्हणजे माल खराब नव्हता, आवळायची वेळ चुकली होती. चांगल्या मनाने केलेलं काम असणार ते, जॅकवर सगळं जोडून, घट्ट करून मगच गाडी खाली ठेवायची अशी हाताला सवय असते, आणि बाकी बहुतेक नट-बोल्टांना ती सवय बरोबरच आहे.

आता पाचवा, जो आवाजच करत नव्हता.

धप्पचं कारण सापडलं होतं, मला घाई होती, मी म्हटलं डावीकडचं करून टाकू. मामा म्हणाले उजवीकडे बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा, वाटीत गोळा असलेला सांधा) बघितल्याशिवाय गाडी सोडणार नाही. मी सांगितलं की तिन्ही गॅरेजांनी चाक उचलून हलवून बघितलंय, ओके म्हणालेत. मामांनी विचारलं, जॅक कुठं लावला होता? चेसिसला. सगळ्यांनी चेसिसलाच लावला होता.

इथं तो टॉर्शन बार येतो. बार खालच्या आर्मला आहे, म्हणजे गाडीचं वजन रस्ता, चाक, नकल (चाक ज्याच्यावर बसतं तो भाग), खालचा बॉल जॉइंट, खालचा आर्म, बार, या वाटेने जातं. वजन वाहणारा जॉइंट खालचा. चेसिसखाली जॅक लावून चाक उचललं की बार आर्मला खाली ढकलत राहतो, सगळं ताणून धरलेलं असतं, आणि त्या ताणात जॉइंट कितीही झिजलेला असला तरी हाताने हलत नाही. जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ लावता येईल तितका लावला की बारचा जोर जॅकवर जातो आणि जॉइंट मोकळा होतो. ज्या गाड्यांत बार किंवा स्प्रिंग वरच्या आर्मवर आहे तिथं हे उलट, तिथं वजन वाहणारा वरचा, आणि जॅक लावायची जागा पण बदलते. म्हणून आधी वाकून बघायचं की स्प्रिंग कुणाच्या अंगावर आहे.

जॅक आर्मखाली, चेसिसखाली घोडी (आधाराचा स्टँड), चाक जमिनीपासून चार बोटं वर. टायरखाली टॉमी घालून मी वर उचललं आणि मामांनी नकल आणि आर्मच्या मधे पट्टी धरली. टक. सोडलं, टक. जवळपास ३ मिलिमीटर. मॅन्युअलमध्ये जेवढा प्ले (ढिलेपणा) चालतो म्हणून दिलाय त्याच्या बराच पुढे. जॉइंटचं रबरी टोपण फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी गंजाचं तांबडं पाणी.

हा आवाज का करत नव्हता ते मामांनी मुठीत सुपारी धरून दाखवलं. गाडीचं वजन बॉलला वाटीच्या एकाच बाजूला सतत दाबून धरतं, त्यामुळे मधे जागा झाली तरी तो आपटत नाही, शांत बसतो. एखाद्या खड्ड्यात चाक अधांतरी झालं तरच सुटतो. आणि हा जॉइंट निखळला तर चाक बाहेर आडवं पडतं आणि गाडी त्या बाजूला जमिनीवर बसते. धप्प करणाऱ्या बुशपेक्षा हा शांत जॉइंट मला जास्त भीतीदायक वाटला. त्या दिवसापासून गाडी काम होईपर्यंत उभी ठेवली, तीन भाडी सोडली, भावाच्या ओळखीची दुसरी गाडी लावून माल पाठवला.

बाकीची तपासणी पटकन सांगतो. बेअरिंगसाठी चाक वर आणि खाली धरून हलवायचं, हललं तर दुसऱ्याने ब्रेक दाबायचा, ब्रेक दाबल्यावर हलायचं थांबलं तर बेअरिंग, तरी हललं तर जॉइंट. माझी बेअरिंग नवीच, ठीक. टाय रॉडसाठी (स्टेअरिंगकडून चाक वळवणारी दांडी) गाडी जमिनीवर, इंजिन चालू, भावाने स्टेअरिंग थोडं डावीउजवीकडे हलवत राहायचं आणि मी प्रत्येक जॉइंटवर बोटं ठेवून बसायचं. प्ले असला तर डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतो. सगळे ठीक निघाले.

कामाचा क्रम मामांनी ठरवून दिला आणि तो महत्त्वाचा आहे. बार सोडायच्या आधी त्याच्या अॅडजस्टरवर रंगाच्या खुणा केल्या आणि बोल्ट किती बाहेर आहे ते मोजून लिहिलं. बारमध्ये ताण असतो, तो अॅडजस्टर पूर्ण सैल केल्याशिवाय आर्मचा बोल्ट काढायचा नाही, हातपाय जाण्यासारखं काम आहे, ज्याने आधी केलंय त्यानेच करावं. दोन्ही आर्म काढले, जुने बुश लेथवाल्याकडे प्रेसवर काढून नवे बसवले, हातोड्याने नाही. उजवा खालचा जॉइंट नवा. शाबूत होता तरी डावाही बदलला, वय तेवढंच होतं. सगळं जोडून बुशचे नट फक्त हाताने टेकवले. मग गाडी खाली.

खाली ठेवल्यावर आधी उंची. सपाट जागा, चारही टायरांत ठरलेली हवा, गाडी दहा फूट पुढेमागे करून सस्पेन्शन बसू दिलं, आणि हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. डावी बाजू १४ मिलिमीटर खाली. म्हणजे फेब्रुवारीत बार खुणा न करता सोडला होता आणि अंदाजाने परत चढवला होता. अॅडजस्टर थोडा फिरवायचा, गाडी हलवायची, परत मोजायचं, असं पाच-सहा वेळा करून दोन्ही बाजू मॅन्युअलच्या मापात आणल्या. बुशचे नट त्यानंतरच, गाडी आपल्या चाकांवर उभी असताना, रॅम्पखाली जाऊन टॉर्क पान्याने आवळले. नट आधी आवळून मग उंची बदलली असती तर तीच चूक परत झाली असती, फक्त थोडी कमी.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. फेब्रुवारीचा आणि आत्ताचा दोन्ही प्रिंट शेजारी ठेवले तर डाव्या चाकाचा टो (चाकाचं तोंड सरळ सोडून किती आत-बाहेर आहे ते) पार बिघडलेला. बिघडणारच, बुश फाटल्यावर आर्म मागे जायचा, टाय रॉड मात्र आपल्या जागी, मग चाक तिरकं धावायचं, प्रत्येक ब्रेकला आणखी तिरकं.

आणि त्यातच घूंचं उत्तर होतं. डाव्या टायरवरून हात आडवा फिरवला, बाहेरून आत एक प्रकार आणि आतून बाहेर दुसराच, एका बाजूने गुळगुळीत, उलट नेला की करवतीच्या दातांसारखा हाताला लागतो. तिरकं धावणारं टायर असंच झिजतं आणि ते दात रस्त्यावर वाजतात. बेअरिंग बदलायच्या आधी दोन गोष्टी बघितल्या असत्या तर कळलं असतं. एक म्हणजे लांब वळण. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं, उजवीकडे वळताना डाव्या, आणि बेअरिंगचा आवाज त्याप्रमाणे वाढतो किंवा कमी होतो. माझा घूं वळणावर तसाच राहायचा. दुसरं म्हणजे रस्ता. नव्या डांबरावर आवाज वेगळा आणि जुन्या खरबरीत रस्त्यावर वेगळा, तर टायर. बेअरिंगला रस्ता कसला आहे त्याने फारसा फरक पडत नाही. खात्रीसाठी पुढची टायरं मागे आणि मागची पुढे टाकली, हायवेला पन्नास गाठलं आणि घूं पाठीमागून यायला लागला. भाऊ शेजारी बसला होता, तो मागे वळून बघायला लागला की मागून कुठली गाडी येतेय.

बुश, चार पत्त्या, दोन जॉइंट, बारची रबरं, लेथ, अलाइनमेंट सगळं मिळून साडेसात हजार झाले, त्यात निम्म्याहून जास्त जॉइंटचे. मामांनी काही घेतलं नाही, त्यांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे नाशिकला मीच नेतो आता.

पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क पान्याने परत बघितले, एकही सैल नव्हता. बुशच्या नळ्यांवर आणि ब्रॅकेटवर आम्ही नव्या रेघा मारल्या होत्या, त्या अजून सरळ एका ओळीत आहेत. पाच हजारला जॅक आर्मखाली लावून दोन्ही चाकांखाली टॉमी घातली, काही हललं नाही. मागे गेलेल्या टायरांचा घूं हळूहळू कमी होतोय, दात घासले जातायत, पण पूर्ण गेलेला नाही, आणि ती टायरं संपेपर्यंत थोडा राहील असं टायरवाला म्हणतो.

गेल्या आठवड्यात रिकाम्या गाडीत पुढून बारीक टिकटिक यायला लागली. मी पट्टीच्या मागे लिहिलं: रिकामी, खरबरीत डांबर, ब्रेकने फरक नाही, वळणाने नाही, इंजिन बंद करून उभ्या गाडीच्या बॉनेटवर हाताने थोपटलं तरी येतो. बॉनेट ज्या रबरी ठोकळ्यांवर टेकतं त्यातला डावा खाली बसला होता. त्याच्यावर कापडाची घडी ठेवून चक्कर मारली, टिकटिक गेली, मग ठोकळा दोन फेरे वर घेतला.